तीस दिवसांची खाट

कोलकात्यात माझी बदली झाली तेव्हा शहर मला नवे होते, काम मात्र जुनेच होते. सरकारने दिलेला पैसा कोठे गेला आणि त्याचा हिशेब कसा लागतो हे पाहणे, हे ते काम. २००३च्या हिवाळ्यात काही स्वयंसेवी संस्थांच्या अनुदानाच्या नस्त्या माझ्या टेबलावर आल्या. त्यांतील एक दारू व अमली पदार्थांच्या व्यसनावर निवासी उपचार करणाऱ्या एका लहानशा केंद्राची होती. मंजूर खाटा १५, प्रत्येक रुग्णाचा मुक्काम साधारण एक महिना, म्हणजे वर्षाला १८० रुग्ण. गणित सरळ होते. रुग्णांची यादी मी ओळीवर बोट ठेवून वाचली तेव्हा काही नावे दोनदा आणि दोन नावे तर तीनदा आढळली. मी आक्षेप लिहिला की एकाच व्यक्तीवर एकाच वर्षात पुन्हा पुन्हा खर्च झाला असून लाभार्थ्यांची संख्या फुगवून दाखविण्यात आली आहे.

महिनाभराने उत्तर आले. संस्थेच्या सचिवांनी पाचसहा परिशिष्टे जोडली होती, पण मुद्द्याचे वाक्य एकच होते: व्यसन परत आले म्हणून माणूस परत आला.

मला ते उत्तर तेव्हा चलाखीचे वाटले. तसे ते नव्हते हे मला का पटले, ते पुढे सांगतोच. मात्र त्या नस्तीमुळे एक प्रश्न मनात घर करून राहिला. हा एक महिना आला कोठून? तापाला पाच दिवस, क्षयाला सहा महिने, यांमागे शरीराचा काही हिशेब असतो. व्यसनाला तीस दिवस हे कोणी ठरवले? या प्रश्नाचा माग काढायला कोलकात्यासारखे दुसरे शहर नाही, हे मला हळूहळू कळत गेले.

नशेचा इतका चोख हिशेब ठेवलेले शहर विरळाच. १७७३ साली वॉरन हेस्टिंग्जने बंगालच्या अफूचा मक्ता कंपनीकडे घेतला. १७९७पासून तर लागवडीचे परवाने, उचल, खरेदी व कारखाना हे सारेच कंपनीच्या नोकरांच्या हाती गेले. पाटणा आणि गाझीपूर येथे अफूच्या वड्या बांधल्या जात, त्या पेट्यांत भरून गंगेवाटे कोलकात्याला येत आणि येथे त्यांचा जाहीर लिलाव होई. एका पेटीत सुमारे ६४ किलो माल. लिलावात घेतलेली पेटी खाजगी व्यापाऱ्याच्या जहाजावर चढे आणि चीनच्या किनाऱ्याला लागे. कंपनी स्वतः मात्र चीनमध्ये अफू विकत नसे, हे ती कागदोपत्री अभिमानाने सांगू शकत असे. (आपण मराठी माणसांनी बंगालकडे बोट दाखवून हसण्याचे कारण नाही. माळव्याची अफू मुंबई बंदरातून जात होती, आणि मुंबईतील कित्येक इमारतींचे पाये त्या पैशाने भरले आहेत.) किती बिघे खसखस, किती पेट्या, कोणत्या लिलावात काय भाव, हे सारे आजही दप्तरात सापडते. ती ओढणाऱ्या वा गिळणाऱ्या माणसासाठी त्या तक्त्यांत रकाना नाही.

तो माणूस सरकारी कागदावर प्रथम ठळकपणे येतो तो १८९३ साली, आणि तोही याच शहरात. त्या एका वर्षात दोन चौकशी आयोग कोलकात्यात बसले. पहिला गांजा, भांग व चरस यांविषयीचा, डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालचा. त्याची पहिली बैठक ऑगस्टमध्ये झाली. दुसरा लॉर्ड ब्रॅसी यांचा शाही अफू आयोग. त्याने नोव्हेंबरमध्ये येथे साक्षी घेण्यास प्रारंभ केला. अफू आयोगाने १८९५ साली अहवाल दिला, त्याचा सूर असा की हिंदुस्थानातील बहुसंख्य लोक अफू बेताने घेतात आणि बंदीची आवश्यकता नाही. हेन्री विल्सन या एका सदस्याने भिन्न मतपत्रिका जोडली. ज्याला सोडायची आहे पण सुटत नाही, अशा माणसाचे काय करावे, हा प्रश्न आयोगाच्या कार्यकक्षेतच नव्हता. महसूल बुडेल का, लोक नवा कर सोसतील का, हे प्रश्न होते.

गांजा आयोगाची कहाणी मात्र कोणत्याही प्रशासकाने आवर्जून वाचावी अशी आहे. गांजामुळे वेड लागते हे तेव्हाच्या सरकारदरबारी जवळजवळ सिद्ध मानले जाई, आणि पुरावा कोणता, तर वेड्यांच्या इस्पितळांचे वार्षिक तक्ते. कोलकात्याचे दलंडा, आपल्याकडचे कुलाबा, सर्वत्र 'वेडाचे कारण' या रकान्यात गांजा भरलेला. आयोगाने तक्त्यावर विश्वास न ठेवता एकेका रुग्णाचा मूळ कागद मागवला. तेव्हा उघड झाले ते असे. रुग्णाबरोबर जो वर्णनपत्रक नावाचा कागद येई, तो बहुधा पोलिसाने भरलेला असे. रस्त्यात बरळत सापडलेल्या माणसाचे कारण कोणास ठाऊक असणार? पण रकाना कोरा ठेवता येत नाही. मग 'गांजा' लिहायचे. मॅजिस्ट्रेट सही करी, इस्पितळ तोच शब्द आपल्या नोंदवहीत उतरवी, आणि वर्षअखेर तो शब्द आकडा होऊन सरकारकडे जाई. १८९२ सालातील अशी २२२ प्रकरणे आयोगाने तपासली आणि त्यांपैकी केवळ ९८ प्रकरणांत गांजाचा संबंध मान्य करता येईल असे म्हटले. आपल्या सरकारचा आकडा आपल्याच सरकारने असा उघडा पाडल्याची उदाहरणे त्या काळात फारशी नाहीत.

त्या कागदांवरून आणखी एक गोष्ट दिसते. ज्याचे व्यसन सुटत नव्हते त्याला द्यायला राज्याजवळ दोनच जागा होत्या, वेड्यांचे इस्पितळ किंवा तुरुंग.

समाजाजवळ शपथ होती. प्यारीचरण सरकार यांनी १८६०च्या दशकात बंगालमध्ये मद्यपान निषेधक सभा स्थापन केली, सभासदांकडून प्रतिज्ञापत्रे लिहून घेतली. त्याच सुमारास, १८६६ साली, दीनबंधू मित्रांचे 'सधवार एकादशी' हे नाटक आले. त्यातील निमचाँद हा इंग्रजी शिकलेला, बुद्धिमान आणि दारूत बुडालेला तरुण. मराठी वाचकाला तो ओळखीचा वाटेल, कारण पन्नास वर्षांनी आपल्या रंगभूमीवर गडकऱ्यांचा सुधाकर आला. 'एकच प्याला' आपण सिंधूच्या अश्रूंसाठी लक्षात ठेवतो. मला मात्र त्यातील वेगळाच भाग महत्त्वाचा वाटतो. सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो आणि नोकरी मागायला जुन्या परिचितांच्या दारी जातो. कोणी त्याला उभे करीत नाही. त्यानंतर तो पुन्हा पेला उचलतो. दारू सोडण्याचा क्षण आणि सोडलेली टिकण्याचा काळ यांत फरक आहे, हे गडकऱ्यांनी कोणत्याही वैद्यकीय ग्रंथाशिवाय ओळखले होते.

आता त्या महिन्याविषयी. १८७९ साली अमेरिकेत इलिनॉय प्रांतातील ड्वाइट या गावी लेस्ली कीली नावाच्या डॉक्टरने व्यसनावर उपचार करणारी संस्था काढली. सोन्याच्या क्षारापासून केलेल्या गुप्त औषधाची टोचणी रोज चार वेळा, आणि मुक्काम चार आठवड्यांचा. औषध भोंदूपणाचे होते, पण एका गावात राहणारे शेकडो व्यसनी एकमेकांशी बोलत, एकमेकांना सावरत, आणि त्यांतले काही खरोखर बरे होत. कीली १९०० साली वारला, सोन्याचे औषध विसरले गेले, चार आठवडे मात्र कसे कोण जाणे हवेत राहिले. १९३५ साली ॲक्रन येथे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची सुरुवात झाली. त्यात खाटही नव्हती आणि मुदतही नव्हती. १९४९ साली मिनेसोटात हेझल्डन हे निवासी केंद्र निघाले, तेथील विल्मर या सरकारी मनोरुग्णालयातही तसेच प्रयोग झाले, बरे झालेले मद्यपी समुपदेशक म्हणून नेमले गेले, आणि त्यातून २८ दिवसांचा निवासी उपचार रूढ झाला. पुढे अमेरिकन विमा कंपन्यांनी २८ दिवसांचे बिल मान्य करण्यास सुरुवात केली. विमा कंपनीने मान्य केलेली मुदत बदलणे किती अवघड असते, हे परदेशस्थ वाचकांना मी सांगावयास नको.

शरीराचा हिशेब यापेक्षा निराळा आहे. दारू अचानक थांबली की काही तासांत हात थरथरू लागतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान वात होऊन भ्रम होण्याचा धोका सर्वाधिक असतो आणि त्यात उपचाराविना मृत्यूही येतो. हेरॉइनची ओढाताण दुसऱ्यातिसऱ्या दिवशी शिगेला पोचते आणि आठवड्यादहा दिवसांत ओसरते. म्हणजे शरीराला साधारण एक आठवडा पुरतो. मनाला आणि घराला किती लागतो, त्याचे उत्तर महिन्यात मावत नाही. पहिले तीन महिने सर्वांत घसरणीचे असतात. हेरॉइनच्या बाबतीत तर महिनाभर बंद ठेवून माणसाला तसेच घरी पाठवणे धोक्याचे असते. शरीराची सवय मोडलेली असते, बाहेर पडून त्याने जुन्याच मात्रेने घेतली तर श्वास थांबतो.

कोलकात्यात या साऱ्याला खाट कधी मिळाली? १९३३ साली गिरींद्रशेखर बोस यांनी कारमायकेल मेडिकल कॉलेजात मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला, सर्वसाधारण रुग्णालयातील देशातला तो पहिला. १९४० साली लुंबिनी पार्क हे मनोरुग्णालय निघाले. व्यसनासाठी वेगळी जागा मात्र नव्हती, आणि यासंदर्भात मला ऋत्विक घटक आठवतात. १९६५च्या सुमारास ते काही काळ आपल्या पुण्यात होते, फिल्म इन्स्टिट्यूटचे उपप्राचार्य म्हणून. मणि कौल, कुमार शहानी हे त्यांचे विद्यार्थी. पुण्यातील जुन्या सिनेमावेड्यांकडे त्यांच्या शिकवण्याच्या आठवणी असत, पिण्याच्याही असत. कोलकात्याला परतल्यावर १९६९ साली त्यांना गोबऱ्याच्या मनोरुग्णालयात दाखल व्हावे लागले. तेथे त्यांनी 'सेई मेये' हे नाटक लिहिले आणि तेथील रुग्णांनाच घेऊन ते बसवले. बरोबरच्या रुग्णांना कामाला लावणे, एकमेकांच्या आधाराने उभे करणे, हे मिनेसोटातील डॉक्टरांनी जे पद्धत म्हणून मांडले त्याच्याशी किती जुळते! पण घटक बाहेर पडले ते त्याच शहरात, त्याच विवंचनांत. १९७४च्या 'जुक्ती तक्को आर गप्पो'मध्ये त्यांनी दारूत बुडालेल्या नीलकंठाची भूमिका स्वतः केली. ६ फेब्रुवारी १९७६ रोजी ते गेले, वय ५०.

त्यानंतर दहाएक वर्षांत गर्द आली. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, सर्वत्र कॉलेजातील मुलांपासून हमालांपर्यंत. १९८५ साली अमली पदार्थांचा कायदा झाला. त्याच्या ३९व्या कलमाने दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला तुरुंगाऐवजी उपचारासाठी सोडण्याची मुभा न्यायालयाला दिली आणि ७१व्या कलमाने सरकारला उपचारकेंद्रे काढण्याचा अधिकार दिला. आता प्रशासनातील गंमत पाहावी. कायदा वित्त मंत्रालयाच्या महसूल विभागाकडे, कारण अफू पूर्वापार महसुलाची. स्वयंसेवी केंद्रांचे अनुदान कल्याण, म्हणजे पुढचे सामाजिक न्याय, मंत्रालयाकडे. सरकारी रुग्णालयांतील व्यसनमुक्ती विभाग आरोग्य मंत्रालयाकडे. आणि दारू राज्यांची, तिचे उत्पन्नही राज्यांचे. वॉरन हेस्टिंग्जचे टेबल चार खोल्यांत वाटले गेले एवढेच.

याच काळात महाराष्ट्रात दोन कामे उभी राहिली. १९८१ साली वांद्र्याला फादर ज्यो परेरा यांनी कृपा फाउंडेशन सुरू केले; ते स्वतः बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य, त्यामुळे उपचारात योगासने आली. पुढे या कामाच्या शाखा देशभर पसरल्या. आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता (सुनंदा) अवचट व अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. अवचटांचे गर्दवरील लेखन आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांची देणगी यांतून ते उभे राहिले. तेथील मुक्काम ३५ दिवसांचा. मुक्तांगणच्या पद्धतीत मला लेखापरीक्षकाच्या नजरेने विशेष वाटते ते हे, की ३५ दिवसांनंतरचा पाठपुरावा हा तेथे उपचाराचाच भाग धरला जातो, आणि रुग्णांच्या पत्नींचा 'सहचरी' हा गट वेगळा चालतो. आमच्या अनुदानाच्या तक्त्यात खाट आणि दिवस यांचा गुणाकार होता. सहचरीला रकाना नव्हता.

असो. आता माझ्या मत बदलाची हकिकत. आमच्या कार्यालयात एक वरिष्ठ सहायक होते. बंगाली रिवाजाप्रमाणे सगळे त्यांना बडोबाबू म्हणत. टिपणी अशी लिहीत की मला स्वल्पविराम बदलावा लागत नसे. सोमवारी ते बहुधा येत नसत. मला त्याचे कारण कळले तोवर कार्यालयात ते सर्वांना ठाऊक होते. एके दिवशी त्यांच्या पत्नी भेटायला आल्या. बौदींनी खुर्चीच्या कडेवर बसून एवढेच सांगितले, "स्यार, एक महिना ठेवायचे म्हणतात. रजेच्या अर्जावर काय लिहायचे?"

प्रश्न साधा नव्हता. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यांतील नियम २२ अन्वये सरकारी नोकराने अतिमद्यपान करणे हाच गैरवर्तनाचा विषय आहे. वैद्यकीय प्रमाणपत्रावर खरा आजार लिहावा तर चौकशीला कागद तयार. मी बौदींना म्हणालो की डॉक्टरांना पोटाचा विकार लिहायला सांगा. प्रमाणपत्र आले, 'जठरदाह'. मी परिवर्तित रजा मंजूर केली. दलंड्याला पोलीस जे करीत होते तेच मी केले, उलट्या बाजूने. त्यांनी नसलेला गांजा रकान्यात भरला, मी असलेली दारू रकान्यातून काढली.

बडोबाबू महिन्याने परत आले. चेहरा उजळलेला, हात स्थिर. आणि मी काय केले? त्यांच्या भल्यासाठी म्हणून त्यांना जबाबदारीच्या शाखेतून काढून जुन्या अभिलेखांच्या खोलीत बसवले. तेथे काम नव्हते, माणसे नव्हती, दुपारभर पंखा फिरत असे. माझी कल्पना अशी की ताण नको. तीन महिन्यांत ते पुन्हा सुरू झाले. दुसऱ्यांदा दाखल झाले तेव्हा अर्धवेतनी रजा संपत आली होती. त्यांना केंद्रात भेटायला मी एका रविवारी गेलो. ओसरीवर पंधरावीस माणसे गोल करून बसली होती, कोणी रिक्षावाला, कोणी बँकेतला अधिकारी. बडोबाबू मला जिन्यापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "स्यार, येथे मी तीस दिवस राहतो तेव्हा मला कोणी भीत नाही. तुमच्या खोलीत सगळे माझ्याशी हळू बोलतात."

दुसऱ्या दिवशी मी ते केंद्राच्या नस्तीतले जुने उत्तर पुन्हा काढले आणि आक्षेप मागे घेण्याची टिपणी लिहिली. वरिष्ठांनी विचारले, आधार काय? शासननिर्णयात पुनर्प्रवेशाविषयी काहीच नाही, म्हणून मनाईही नाही, एवढाच आधार देता आला. तो चालला. बडोबाबूंना मी त्यांच्या मूळ शाखेत आणले, त्यांच्या टेबलावर अवघड प्रकरणे ठेवली. तिसऱ्यांदा ते दाखल झाले ते वर्षभराने, आणि त्या वेळी रजा शिल्लक नसल्याने असाधारण रजा द्यावी लागली. त्यानंतर माझी बदली झाली.

हजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात निरोपाच्या जेवणाला बसलो असता शेजारच्या एका गृहस्थांनी सहज विचारले, पुण्याच्या मुक्तांगणात कोणाची ओळख आहे का. एका परिचितांच्या मुलासाठी हवे आहे. तो परिचित कोण, हे मी विचारले नाही. परमुलखात राहणारा मराठी माणूस आपला मुलगा गावाकडे धाडतो, बंगाली कुटुंबे बाहेरगावचे केंद्र शोधतात. ओळखीचे कोणी भेटू नये, ही इच्छा दोन्हीकडे सारखीच.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात असे आढळले की दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कसलाही उपचार मिळतो आणि दर १८० जणांपैकी एकालाच दाखल होऊन उपचार मिळतो. १८०! माझ्या त्या पंधरा खाटांच्या केंद्राचा वर्षाचा आकडाही तोच होता; योगायोगच. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत आल्या, आणि तो कायदा २०१८पासून लागू आहे. नियम २२ही आहे तेथेच आहे.

काही वर्षांनी बडोबाबू सेवानिवृत्त झाले. निवृत्तिवेतनाच्या कागदांत एका जुन्या रजेबद्दल खुलासा हवा होता म्हणून कार्यालयाने मला पत्र पाठवले. सोबत सेवापुस्तकाच्या पानाची छायाप्रत होती. तिन्ही नोंदी एकाखाली एक होत्या: जठरदाह, जठरदाह, जठरदाह. पहिल्या दोहोंखाली माझी सही. मी उत्तर लिहिले की रजा वैद्यकीय कारणास्तव होती व ती योग्य रीतीने मंजूर करण्यात आली होती.